सहाचा नऊ होतो, ताई

पत्र: मनीषनगरला घरच्या गॅरेजमध्ये मी नऊ वर्षांपासून सिरॅमिकचे वर्ग घेते. विजेची एक भट्टी आणि दोन चाकं आहेत. विद्यार्थ्यांना लिहून दिलेल्या नोट्स साठत साठत १४० पानं झाली आणि आता सगळे म्हणतात, मराठीत पुस्तक काढा. एक प्रकाशक १००० प्रती छापायला तयार आहेत, खर्च मात्र माझा. मला तीन शंका आहेत. सगळंच लिहून टाकलं तर वर्गाला कोण येणार? ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या, काही कृती मला माझ्या सरांनी दिल्या, त्या मी छापू शकते का? आणि ‘लेदर-हार्ड’ (अर्धवट वाळलेलं, आकार धरणारं भांडं), ‘बिस्किट’ (पहिली भाजणी झालेलं), ‘स्लिप’ (पातळ कालवलेली माती) यांना मराठी शब्द आणू कुठून? वाळवण्या-भाजण्याचं प्रकरण नमुना म्हणून सोबत पाठवते आहे. — एक मातीवाली, नागपूर

प्रिय ताई,

तुमचं प्रकरण दोनदा वाचलं. एकदा खुर्चीत बसून, आणि एकदा मातीचा गोळा समोर घेऊन, तुम्ही सांगता तसं तसं करत. खुर्चीत बसून वाचताना वाटलं, बाई छान लिहितात. गोळा घेऊन बसले तेव्हा तिसऱ्याच परिच्छेदात अडकले. ‘भांडं रात्रभर उघडं ठेवा, सकाळी ते लेदर-हार्ड झालेलं असेल’, असं तुम्ही लिहिलंय. कोणत्या महिन्यात, ताई?

मेअखेरच्या नवतपात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा रात्रभर उघडं ठेवलेलं भांडं सकाळी खडखडीत वाळलेलं असतं, काठाला चिरा गेलेल्या असतात आणि आता त्याला कान जोडायची सोय राहिलेली नसते. जुलैत झडी लागली की तेच भांडं तीन दिवसांनीही बोट लावलं तर दबतं. मला खात्री आहे की तुमच्या गॅरेजमध्ये तुम्ही असं काही करत नाही. मे महिन्यात तुम्ही काठावर ओलं फडकं टाकत असाल, वर प्लास्टिक गुंडाळत असाल, कूलरच्या झोताकडे कुणी फळी ठेवली तर ओरडत असाल. ते सगळं कागदावर आलं नाही. कागदावर आलं ते कुठल्या तरी थंड गावच्या पुस्तकातलं वाक्य, आणि ते फार वर्षांपूर्वी वाचलेलं असल्यामुळे तुम्हाला आता स्वतःचंच वाटतंय.

१४० पानांत अशी वाक्यं आणखी असणार. ती हुडकून काढणं हेच आता तुमचं मोठं काम आहे, प्रकाशक नंतर. प्रत्येक सूचनेपाशी थांबा आणि स्वतःला विचारा, हे मी करते की हे मी वाचलंय? वाचलेलं असेल तर एकदा करून बघा, नाही तर काढून टाका.

वेळेच्या जागी खूण लिहा. ‘आठ तास’ नको. ‘नख लागतं पण बोट रुतत नाही, उचललं तर आकार हलत नाही’ असं लिहा. पूर्ण वाळलं की नाही हे कळायला भांडं गालाला लावतात. गार लागलं तर आत ओल आहे. ही खूण मे आणि जुलै दोन्हींत चालते, आणि मनीषनगरात चालते तशी महाबळेश्वरातही चालते.

त्याच प्रकरणात पुढे तुम्ही लिहिता, ‘मातीत हवेचा बुडबुडा राहिला तर भांडं भट्टीत फुटतं.’ हे मीही वीस वर्षं मुलांना सांगत होते. फोडतं ते पाणी. पूर्ण न वाळलेल्या जाड मातीत ओल अडकलेली असते, १०० अंशांपाशी तिची वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की भांड्याच्या ठिकऱ्या होतात. बुडबुड्याभोवतीची माती हाडासारखी कोरडी असेल तर बुडबुडा बिचारा तसाच भाजून निघतो. माती मळायची ती एकजीव व्हावी म्हणून, चाकावर हाताखाली गचके बसू नयेत म्हणून. हा फरक साधा दिसतो, पण चुकीचं कारण वाचलेला विद्यार्थी माती दुप्पट मळतो, ओलं भांडं भट्टीत लावतो आणि फुटल्यावर म्हणतो, बुडबुडा राहिला असेल. त्याला लिहून द्या: भट्टी १०० च्या खाली काही तास धरून ठेवा, जाड काम असेल तर रात्रभर. पुढे ४५० ते ६०० च्या दरम्यान मातीच्या घडणीतलंच पाणी निघून जातं, आणि ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ (गारगोटी) एकाएकी फुगतो, उतरताना तिथेच आकसतो. या टप्प्यात जाताना सावकाश आणि येतानाही सावकाश. भट्टी लवकर उघडायची घाई का नको, हे या एका आकड्यावरून कळतं.

आकड्यांवरून माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः एक पुस्तिका काढली होती, चोवीस पानांची. ग्लेझच्या चार कृती होत्या, सगळ्या कोन ६ च्या (कोन म्हणजे भट्टीची उष्णता ठरवायचं माप). मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता, छापखान्यात तो दुसऱ्या फॉन्टमध्ये फिरवला गेला आणि कुठेतरी ६ चा ९ झाला. आपले हे दोन आकडे एकमेकांचे जुळे भाऊ, आरशात बघितल्यासारखे. मुद्रितं मीच तपासली होती, आणि वाचताना डोळ्यांनी तिथे सहाच वाचला, कारण मला ठाऊक होतं की तो सहा आहे. वर्ध्याच्या एका मुलीनं पुस्तिकेवर विश्वास ठेवून भट्टी कोन ९ ला नेली. म्हणायला फरक चाळीसेक अंशांचा. पण तिची माती मध्यम तापमानाची होती. वाट्या बसक्या झाल्या, ग्लेझ ओघळून भट्टीच्या फळीला चिकटलं. फळीसकट सगळं टाकावं लागलं. तिनं मला एका कार्डावर फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘मॅडम, कृती पुन्हा एकदा बघाल का?’ ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.

तेव्हापासून कोनचा आकडा मी अक्षरात लिहिते आणि शेजारी तापमान देते: ‘कोन सहा, सुमारे १२२० ते १२४० अंश सेल्सिअस’. ‘शून्य सहा’ तर अक्षरातच हवा. ०६ म्हणजे जेमतेम १००० अंश, ६ म्हणजे त्याहून दोनशेच्या वर, आणि नवख्याला ते शून्य छपाईतला ठिपका वाटतो. शिवाय मराठीत नुसतं ‘कोन’ लिहिलं की भूमितीचा तास सुरू होतो. पहिल्यांदा येईल तिथे ‘भट्टीत ठेवायची, ठरावीक उष्णतेला वाकणारी मातीची काडी’ एवढं सांगून टाका. आणि ही काडी नुसतं तापमान मोजत नाही. तापमान आणि वेळ मिळून मातीवर झालेलं काम ती मोजते, म्हणून भट्टी हळू चढवली तर तोच कोन कमी अंशांवर वाकतो. हे दोन वाक्यांत लिहा, कारण आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की भट्टी रेंगाळते आणि मीटरवरचा आकडा बघणारा फसतो.

आकसण्याचा हिशेबही तुमच्या प्रकरणात चुकलाय. तुमची माती १२ टक्के आकसते, म्हणून १० सेंटिमीटरचा कप हवा तर ११.२ चा बनवा, असं तुम्ही म्हणता. ११.२ चे १२ टक्के गेले की ९.८६ उरतात. भागायचं असतं: १० भागिले ०.८८, म्हणजे ११.४ च्या आसपास. कपाला हा फरक कळणार नाही, बरणी आणि झाकण वेगवेगळ्या दिवशी करणाऱ्याला बरोबर कळेल. आणि १२ टक्के हा आकडा तुमच्या मातीचा. वाचकाला त्याचा आकडा काढायला शिकवा: ओल्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ, भाजल्यावर पुन्हा मोज. ८.८ भरली तर १२ टक्के.

आता सरांच्या कृती. घटकांचं प्रमाण ही सहसा कुणाची मालमत्ता धरली जात नाही. फेल्डस्पार (वितळवणारं खनिज) ४, क्वार्ट्झ ३, व्हाइटिंग (खडूची पूड) २, चायना क्ले (पांढरी माती) १ हे ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच यांच्या नावानं ओळखलं जाणारं प्रमाण जगभरचे कुंभार वापरतात. पण सरांनी लिहिलेली वाक्यं, काढलेल्या आकृत्या, फोटो हे त्यांचं लेखन आहे, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं ते लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं सुरक्षित असतं. म्हणजे कृती द्यायची तर स्वतःच्या शब्दांत. कायद्यापलीकडचं सांगू? सरांना फोन करा. ‘छापू का’ असं विचारू नका, ‘तुमचं नाव कसं लिहू’ असं विचारा. ते नको म्हणाले तर ती कृती गाळा. पुस्तकात एक ग्लेझ कमी झालं म्हणून कुणाचं अडत नाही.

खरं तर मला सरांच्या कृतींपेक्षा तुमच्या कृती वाचायच्या आहेत. वरचं ४-३-२-१ घ्या. ते कोन नऊ-दहाचं आहे, तुमच्या कोन सहाच्या विजेच्या भट्टीत ते नीट वितळणारच नाही. शिवाय प्रमाण तेच ठेवून फेल्डस्पारचं पोतं बदललं की चकाकी बदलते. कृतीबरोबर माती कोणती, बिस्किट किती अंशांवर, थर किती जाड, भट्टी किती तासांत चढवली, वर किती वेळ धरली आणि कशी उतरवली, हे सगळं लागतं. जाडीसाठी ‘सायीसारखं’ लिहू नका, गोठ्यातल्या दुधाची साय वेगळी आणि पाकिटातल्या दुधाची वेगळी. १०० मिलिलिटर ग्लेझचं वजन किती भरलं पाहिजे ते लिहा. बुडवायच्या ग्लेझला ते बहुधा १४५ ग्रॅमच्या आगेमागे येतं. तुमचं किती येतं ते तुमच्या बादलीला विचारा. मूळ घटकांची बेरीज शंभर धरून रंगाचे ऑक्साइड त्या शंभराच्या वर वेगळे मोजायचे हेही सांगा, नाही तर कुणी शंभरातच बसवतं.

आपल्या भागातलं सामान तर मराठी पुस्तकांत सहसा सापडत नाही. निर्मला पटवर्धनांनी भारतात मिळणाऱ्या कच्च्या मालावर कुंभारकामाचं हँडबुक लिहिलं, पण इंग्रजीत. वऱ्हाडातल्या पऱ्हाटीची (कापसाच्या काड्यांची) राख, तुराटीची (तुरीच्या काड्यांची) राख, भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या तुसाची राख यांवर मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. तुसाच्या राखेत बहुतेक सगळी सिलिका (गारगोटीतलंच द्रव्य) असते, ती ग्लेझला ताठ करते, दुधाळ करते. लाकडाच्या, काड्यांच्या राखेत चुन्याचा अंश जास्त, ती वितळवते. तुम्ही प्रकरणात ओझरतं लिहिलंय की पऱ्हाटीच्या राखेचं ग्लेझ लावून चाचणीच्या बारा चकत्या भाजून बघितल्या. ताई, ते ओझरतं का? तेच तर प्रकरण आहे! कोणत्या शेतातली राख, चाळली कितीदा, धुतली की नाही (धुतली असेल तर हातमोजे घालून धुतली का, राखेचं पाणी कातडी खातं), कोणती चकती उकळल्यासारखी झाली, कोणती कोरडी राहिली. फसलेल्या चकत्यांचेही फोटो छापा. काळ्या कापसाच्या मातीचं भांडं करू नका हेसुद्धा आपल्याकडच्या वाचकाला सांगावं लागतं. ती पाण्यानं इतकी फुगते आणि वाळताना इतकी आकसते की शेतात पडतात तशा भेगा भांड्यालाही पडतात. दरवर्षी एक तरी उत्साही मुलगा बापाच्या वावरातून पोतंभर घेऊन येतो.

यातच एक गोष्ट तुमच्या प्रकरणात शेवटच्या पानावर चार ओळींत उरकली आहे, ती पुढे आणा. धोका जिथे आहे तिथेच लिहायचा. झाडूनं कोरडी माती झाडायला शिकवू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, ती परत निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, ग्लेझ मोजताना चांगला मास्क लावायचा. मॅंगनीजचं तर आपल्याकडे अप्रूपच नाही, रामटेक-मनसरचा पट्टा त्याच खाणींचा, कुणी तरी हौसेनं दगड घेऊन येतंच. तपकिरी रंगासाठी ते मिसळत असाल तर भट्टी चालू असताना त्याचा धूर मेंदूला आणि नसांना घातक असतो, खोलीत थांबू नये, हे त्याच कृतीखाली यायला हवं. आणि शेंदूर. आपल्या देवळातला शेंदूर पुष्कळदा शिशाचाच ऑक्साइड असतो, जुन्या चकचकीत ग्लेझमध्ये तोच वापरत. खाण्यापिण्याच्या भांड्याला शिसं नाही म्हणजे नाही. लिंबू किंवा व्हिनेगर रात्रभर ठेवून रंग उतरतो का बघणं ही घरची चाचणी ग्लेझ कच्चं आहे का एवढंच सांगते. शिसं उतरतं का हे प्रयोगशाळेतच कळतं, हा फरक वाचकाला कळू द्या.

शब्दांबद्दल तुम्ही उगाच हैराण झाला आहात. बिस्किट, ग्लेझ, स्लिप हे तुमच्या वर्गात रोज बोलले जाणारे शब्द आहेत, ते मराठीच झाले. ‘चर्मकठीण’ असं काही घडवाल तर मी पुस्तक मिटेन. उलट जिथे आपले शब्द आहेत तिथे तुम्ही इंग्रजी घातलंय. ‘वेजिंग करा’ कशाला, माती मळा. ‘बर्निश’ कशाला, घोटा. ‘पिट किल्न’च्या (खड्ड्यातल्या भट्टीच्या) जागी आवा म्हणता येतो का ते एखाद्या कुंभाराला विचारा. आपल्या मूर्तिकारांच्या चितार ओळीत गणपतीच्या आधी महिनाभर जाऊन बसा, वही उघडू नका, नुसतं ऐका. एक दिवस काढून चंद्रपूरच्या वाटेवर भद्रावतीला जा. तिथल्या ग्रामोदय संघात कृष्णमूर्ती मिरमिरांनी कुंभारांबरोबर आयुष्य घालवलं. जुन्या हातांकडून दहा शब्द मिळाले तरी सार्थक. पण ज्या शब्दाचा अर्थ तुम्हाला स्वतःला हातानं कळला नाही तो केवळ गोड वाटतो म्हणून घेऊ नका.

वर्गाला कोण येईल, हा प्रश्न वाचून हसू आलं, माफ करा. सावजीच्या रश्श्याच्या कृती किती जणांनी छापल्या, कुठल्या भोजनालयातलं एक ताट कमी झालं का? माती मध्यावर आणताना डाव्या कोपराला मांडीचा टेकू किती द्यायचा हे तुम्ही दोन पानं लिहिलंत तरी विद्यार्थ्याला तुमचा हात त्याच्या हातावर लागणारच. फरक एवढाच पडेल की तो पहिल्या दिवशी शहाणे प्रश्न घेऊन येईल. हो, हातांच्या आकृत्या मात्र करणाऱ्याच्या बाजूनं काढा, समोर बसून बघणाऱ्याच्या नव्हे, आणि चाक कुठल्या बाजूनं फिरतंय त्याचा बाण द्या. तुमचे फोटो सगळे समोरून आहेत, मला ते बघताना उजवं-डावं उलटं करावं लागलं. रंगीत फोटो ग्लेझच्या चकत्यांपुरते ठेवा, बाकी ठिकाणी साधी रेघांची आकृती फोटोपेक्षा जास्त सांगते, स्वस्तही पडते.

राहिले प्रकाशक. १००० प्रती तुमच्या पैशानं, असं असेल तर ते छपाई करून देतायत आणि जोखीम सगळी तुमची. हजार प्रती म्हणजे गॅरेजमधल्या एका भट्टीएवढी जागा, आणि पहिल्या आवृत्तीत चूक सापडणार हे मी वरच्या अनुभवावरून लिहून देते. १४० पानं एकदम काढूच नका. हातानं घडवणं, वाळवणं आणि पहिली भाजणी एवढंच घ्या. सोळा पानांचा एक फॉर्म धरला तर तीन फॉर्म, ४८ पानं. डिजिटल छपाईत शंभर प्रती निघतात. काम करताना उघडी राहील अशी स्पायरल बांधणी घ्या, मुखपृष्ठाला लॅमिनेशन करा, कारण हे पुस्तक चिखलाच्या हातांनी उघडलं जाणार. मजकूर सुरुवातीपासून युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे माझ्यासारखा फॉन्टचा फटका बसणार नाही, आणि तरीही आकडे दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावून मूळ वहीशी ताडून बघा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, लेखक स्वतः अर्ज करू शकतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर कशाचे ते विचारा. पुढे मोठं पुस्तक प्रकाशकाकडे द्यालच, तेव्हा हक्क तुमच्याकडे राहतील आणि छपाईची मूळ फाइल तुम्हाला मिळेल हे कागदावर घ्या. छापल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय धरून चार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, ते कोण करणार हेही त्याच कागदावर येऊ द्या.

छापायच्या आधी एक करा. ज्यानं कधी माती हातात धरली नाही अशा कुणाला तरी ४८ पानांची झेरॉक्स द्या. भाची, शेजारीण, कुणीही. तिला गॅरेजमध्ये एकटी सोडा, तुम्ही बाहेर पायरीवर बसा आणि तोंड उघडू नका. ती जिथे थांबून दाराकडे बघेल, तिथल्या पानावर खूण करा. माझ्या अनुभवात पहिल्या खेपेला पंधरा-वीस खुणा होतात. त्या निस्तरा, मग दुसऱ्या कुणाला बसवा.

शीर्षकाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण प्रकरणाच्या माथ्यावर लिहिलेलं ‘मातीचे बोल’ हे नाव ठेवायचं तर ठेवा, खाली लहान अक्षरांत ‘विजेच्या भट्टीसाठी, कोन सहा’ एवढं मात्र मुखपृष्ठावरच येऊ द्या. सहा अक्षरात.